मोहोळच्या पुढे, अठरा फुटांवर

१

संगप्पा बिराजदारने पाहिलेल्या रस्त्यावर आजवर एकही ओझं अडलं नव्हतं. ही गोष्ट तो स्वतः कुणाला सांगत नसे, कारण ते काम महादेवप्पा पुरेपूर करत. महादेवप्पांचं अवजड माल वाहून नेण्याचं ऑफिस सोलापूरच्या नवी पेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर होतं. जिना चढून धापा टाकत आलेल्या गिऱ्हाइकाला पाणी विचारायच्या आधी ते कोपऱ्यातल्या संगप्पाकडे बोट दाखवत. "हे आमचे रस्तेवाले. ह्यांनी हो म्हटलं तर भुईकोट किल्ला उचलून मोहोळात ठेवू की!" संगप्पा मान खाली घालून पान चघळत राही, पण मनातून फुगलेला असे.

त्याचं काम ऐकायला सोपं होतं. मोठं ओझं निघायच्या आधी जीप घेऊन सगळा रस्ता बघून यायचा. जीपच्या नाकाला एक वेळूची काठी उभी बांधलेली असे. ओझ्याची जेवढी उंची तेवढी काठी, वर एक वीत जास्त. शेंड्याला बैलाच्या गळ्यातली घंटी, आणि शेंड्यावर ओला चुना फासलेला. तार लागली, फांदी लागली, कुणा पुढाऱ्याच्या स्वागताची कमान लागली, की घंटी वाजे आणि चुन्यावर ओरखडा उठे. मग खाली उतरायचं, ज्याची वस्तू त्याला गाठायचं, चहा पाजायचा आणि वाट मागून घ्यायची. तार विजेच्या बोर्डाची, झाड बांधकाम खात्याचं, कमान सरपंचाची. प्रत्येक अडचणीला मालक असतो आणि प्रत्येक मालक चहा पितो, यावर संगप्पाचा ठाम विश्वास होता.

चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याच्या सुमाराला अकलूजकडच्या एका साखर कारखान्याचं काम आलं. सोलापूरच्या एका वर्कशॉपात तयार झालेला पॅन तिकडे पोचवायचा होता. पॅन म्हणजे उसाचा रस आटवून साखर पाडायची पोलादी कढई. पण म्हणायचं कढई आणि आत अख्खं बिऱ्हाड मावायचं. ट्रेलरवर चढवल्यावर उंची भरली अठरा फूट. दिवाळीनंतर गाळप सुरू होणार होतं, त्याच्या आत पॅन जागेवर बसायला हवा होता.

रस्ता बघायला तिघे निघाले. जीप हरिदास चालवत होता, कारण जो ट्रेलर नेणार त्यानेच आधी जीप न्यायची असा संगप्पाचा नियम. हरिदास मिलिटरीत गाड्या चालवून आलेला. तोंड कमी आणि पाय नेमका. मागे बसला होता संगप्पाचा धाकटा भाऊ मल्लप्पा. ट्रेलरवर उभं राहून लांब दांड्याच्या, टोकाला फाटा असलेल्या लाकडी बेळक्याने रस्त्यावरच्या तारा उचलायच्या, आणि ओझं खालून सरकलं की पलीकडे अलगद सोडायच्या, हे त्याचं काम. ते तो इतक्या ऐटीत करायचा की गावोगावी लोक तारा सोडून त्यालाच बघत बसत.

सोलापूर ते मोहोळ घंटी मन लावून वाजली. मोहोळच्या बाजारात तर तिने कहर केला. एका हॉटेलवाल्याने पाटी काढायला कुरकुर केली, त्याला मल्लप्पाने हसवून वाटेवर आणला. मोहोळ मागे पडलं आणि उघडं माळरान लागलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, ना झाड ना खांब. विजेच्या तारा पार लांबून गेलेल्या. मल्लप्पाला डुलकी लागली होती.

घंटी वाजली.

हरिदासने जीप थांबवली. तिघांनीही वर पाहिलं. वर निळं आभाळ होतं आणि त्यात पार उंचावर एक घार फिरत होती.

२

"खड्डा आसंल," हरिदास म्हणाला. खड्डा नव्हता.

"वारं आसंल," मल्लप्पा म्हणाला. रस्त्याकडेच्या गवताचं पानसुद्धा हलत नव्हतं.

संगप्पाने काठीचे बंध तपासले. सगळे घट्ट. घंटीची जीभ तपासली, ती ठीक होती. "मागं घ्या हरिदासराव," तो म्हणाला, "आन् परत पुढं. चालत्या माणसाच्या बेतानं."

जीप मागे गेली आणि हळूहळू पुढे आली. त्याच जागी काठी थांबली. जीप पुढे येत राहिली आणि काठीचा शेंडा मात्र जिथल्या तिथे राहिला; वेळू मागे वाकला, करकरला, इंजिनाचा आवाज जड झाला. हरिदासने क्लच दाबला. वाकलेली काठी तशीच थरथरत राहिली आणि घंटी कशावर तरी दाबून धरल्यासारखी मुकी झाली. जीप वीतभर मागे घेताच काठी सुटली आणि घंटी जोरात वाजली.

संगप्पाने काठी सोडवून आडवी घेतली. तारेचा ओरखडा बारीक रेघेसारखा उठतो, फांदी फराटे काढते. इथे एका अंगाचा चुना सगळाच्या सगळा गेला होता, ओल्या फडक्याने पुसावा तसा. त्याने वेळूला बोट लावून पाहिलं. डोक्यावर भर दुपारचं ऊन होतं, जीपच्या बॉनेटला हात लावायची सोय नव्हती, आणि काठीचा शेंडा माठासारखा गार होता.

तेवढ्यात समोरून पुण्याची एस.टी. आली. टपावर कोंबड्यांच्या पाट्या आणि दोन सायकली होत्या. ती त्या जागेखालून भुर्रकन निघून गेली. पाठोपाठ एक ट्रक गेला, तोही सुखरूप गेला. संगप्पा दोघांकडे बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं, त्यांची उंचीच तेवढी आहे. इतक्या वर जाऊन इथे आजवर कुणी पाहिलंच नसेल. हा विचार त्याला मुळीच आवडला नाही.

३

थोडं पुढे गोजाबाईची चहाची टपरी होती. टपरी म्हणजे चार मेढी, वर उसाच्या पाचटाचं छप्पर आणि खाली एक बाकडं. गोजाबाई साठीची, अंगाने वाळलेली, आणि गिऱ्हाइकावर उपकार केल्यासारखा चहा देणारी. तिघे बसले. चहा गोड होता.

मोहोळच्या बाजाराला निघालेली एक कडब्याची बैलगाडी समोरून आली. गाडीवर कडबा इतका रचला होता की बैल खालून डोकावल्यासारखे दिसत होते. ढिगाच्या टोकावर एक जण विडी ओढत बसला होता, आणि खाली गाडीवानाशी कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल मोठमोठ्याने बोलत होता. ती जागा जवळ आली तसा तो दोराला धरून सरसर खाली उतरला, गाडीच्या बाजूने चालू लागला, आणि जागा मागे पडल्यावर परत वर चढून बसला. बोलणं एकदाही तुटलं नाही.

संगप्पा उठला आणि पळतच गाडीला जाऊन भिडला. "ओ पाव्हणं! तुमी आता खाली का उतरला?"

"कुटं?" वरचा माणूस म्हणाला.

"आत्ता की! त्या तितं."

माणसाने मागे वळून रस्ता पाहिला, जणू पहिल्यांदाच पाहतोय. "तितं व्हय? तितं उतरायचं आसतं."

"कशापायी?"

"आता कशापायी म्हंजी?" तो बुचकळ्यात पडला. "आमचा बा उतरायचा. त्याचा बा बी उतरायचा. वरनं जात न्हाईत की हितनं."

संगप्पाची नजर त्याच्या बुडाखालच्या कडब्यावर गेली. खालचे थर वाळके, पिवळे होते. सगळ्यात वरचा थर काळपट ओला होता, आणि त्यातलं एकूणएक ताट मागच्या बाजूला वळलेलं होतं, कुणी फणीने विंचरल्यासारखं. गाडी घुंगरं वाजवत निघून गेली.

तो टपरीत परत आला तेव्हा गोजाबाई कपबशा विसळत होती. "तुमी ती घंटी लावून आलाया, व्हय?" तिने मान वर न करता विचारलं.

"व्हय."

"ती काढा. आवाज करू नगा तितं." एवढं बोलून तिने पाणी रस्त्यावर फेकलं आणि पुढे संगप्पाने कितीही खोदून विचारलं तरी साखरेच्या भावाशिवाय दुसरं काही बोलली नाही.

४

महादेवप्पा आधी खो खो हसले. मग काठीचा शेंडा हातात घेतला आणि हसायचे थांबले. शेंडा अजून गार होता.

"पंढरपूरवरनं नेला तर?" त्यांनी विचारलं.

"त्या वाटंवरची मोरी ह्या पावसाळ्यात तडकलीया. रिकामा ट्रक जाईल. आपला पॅन गेला की मोरी बी गेली आन् हरिदास बी गेला."

"बाजूच्या रानातनं वळसा?"

"काळी जमीन हाय. वरनं वाळलीया, आत वलीच हाय. चाकाच्या आसापतुर रुतंल."

महादेवप्पांनी खिडकीतून खाली नवी पेठेतली गर्दी पाहिली. ते वाईट माणूस नव्हते. गिऱ्हाइकापुढे फुशारकी मारायचे, पण संगप्पाच्या नाहीला त्यांनी कधी हो म्हणायला लावलं नव्हतं. "संगप्पा, तुमी न्हाई म्हणा. मी उद्या कारखान्याला तार करतो. पण न्हाई ते कशापायी, तेवढं मला सांगा. काय लिवू तारंत?"

हेच संगप्पाला सांगता येईना. आजवर त्याच्या प्रत्येक नाहीला मालक होता. ही अशी एकच अडचण होती, जिच्या मालकाला चहा पाजायला कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. आणि हो म्हणावं, तर त्या जागी ट्रेलरवर सगळ्यांच्या आधी उभा असणार होता मल्लप्पा.

मल्लप्पा त्याचा भाऊ खरा, पण वडील गेल्यावर त्याला वाढवला होता संगप्पाने. बिराजदारांच्या घरातले पुरुष सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराचा नंदीध्वज पेलत. ती उंच, जड काठी उभीच्या उभी कमरेशी तोलून मिरवणुकीत चालायचं म्हणजे खेळ नव्हे. मल्लप्पाला ते संगप्पानेच शिकवलं होतं, आणि शिकवताना एकच गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगितली होती: पुढचा गडी येतो, तुझ्या हाताच्या वर आपले दोन्ही हात ठेवतो आणि "आली" म्हणतो. ते ऐकू आल्याशिवाय हात सोडायचे नाहीत. पोरगा असा तयार झाला की एका वर्षी खांदा निखळला तरी याने काठी हलू दिली नाही. बदलीचा गडी येऊन "आली" म्हणाला तेव्हाच हा हात सोडून बेशुद्ध पडला. त्या दिवशी संगप्पाने सबंध गल्लीत पेढे वाटले होते.

रात्री जेवताना संगप्पाच्या बायकोने, ईरम्माने, त्याच्या ताटात आपणहून दुसरी भाकरी वाढली नाही, कारण पहिलीच तशी पडून होती. "भावजीस्नी न्हेऊ नका," ती म्हणाली. मल्लप्पा लगेच उसळला. "वैनी, मला न्हेत नसतील तर दुसरा कोन उचलणार हाय? अण्णा, तुमी निस्तं बघून या, त्ये उचलतंय का. उचलत आसंल तर मी उचलतो की!"

संगप्पाने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. पोराचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच त्याला राग आला.

५

दुसऱ्या दिवशी तो आणि हरिदास दोघेच गेले. घंटी काढून ठेवली होती. संगप्पाने काठी जीपला न बांधता हातात घेतली आणि उभी तोलत रस्त्याने चालू लागला. उन्हात रस्ता मोकळा होता. हरिदास मागे जीपला टेकून उभा होता आणि त्याने पेटवलेली विडी ओढायची राहून तशीच जळत होती.

काठी अडली.

संगप्पा थांबला. त्याने शेंडा थोडा खाली घेतला, पुढे नेला, परत वर केला. मोकळा. म्हणजे पलीकडची कड होती. दोन-अडीच हात रुंदीचं काहीतरी रस्त्यावरून आडवं गेलं होतं. तो डावीकडे रानात उतरला आणि शेंडा त्याच्या खालून घासत चालत राहिला. संपेना. परत येऊन उजवीकडे गेला. तिकडेही संपेना. ढेकळं तुडवून त्याची पायताणं जड झाली तेव्हा तो माघारी वळला.

त्याची अक्कल अजून शाबूत होती आणि ती भराभर कारणं काढत होती. एखादी जुनी तार असेल, दिसत नसेल. पण तार एवढी जाड नसते. हवेचा काही प्रकार असेल. पण हवा चुना पुसत नाही. शेवटी त्याने विचार करायचं सोडलं आणि जे त्याला येत होतं ते केलं. पाय फाकवून उभा राहिला, काठीचं बूड कमरेशी घेतलं, आणि हळूच वर रेटा दिला.

ते उचललं गेलं. जड होतं, पण उचललं गेलं. वीतभर, मग हातभर. दोरीवरची ओली गोधडी काठीने सारावी तसं ते मऊ वजन वेळूवर आलं. संगप्पाच्या छातीत आनंदाची एक उकळी आली. माप लागलं, वजन कळलं, काम होण्यासारखं होतं. तो हरिदासला हाक मारणार एवढ्यात वेळूतून त्याच्या तळहातांना काहीतरी जाणवलं. एक ठोका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा ठोका.

त्याने ते जेवढ्या हळू उचललं होतं त्याहून हळू खाली ठेवलं.

"काय हाय?" हरिदासने विचारलं.

"उचलतंय," संगप्पा म्हणाला. तो हसत होता. "हरिदासराव, उचलतंय! दोन बेळकी लागतील. पॅनच्या दोन्ही अंगांना फळ्या बांधू. एका फळीवर मल्ल्या, दुसऱ्या फळीवर मी. रस्ता मी बघितलाय, तर मीच उभा ऱ्हाणार."

हरिदासने विडी टाकून पायाने विझवली. "मंग मी बी हळू चालवीन," तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं मोठं आश्वासन कधी कुणी ऐकलं नव्हतं.

६

पॅन निघाला तो दिवस सणासारखा होता. चाकाखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, महादेवप्पा धोतर सावरत वेशीपर्यंत चालत आले. मोहोळच्या बाजारात दुकानं सोडून लोक रस्त्यावर उभे राहिले. मल्लप्पाने फळीवरून एकामागून एक तारा उचलल्या, पॅनवरून पार केल्या आणि पलीकडे अशा ठेवल्या की एकही झोका घेईना. पाटीवाल्या हॉटेलवाल्याने स्वतः टाळ्या वाजवल्या.

त्या जागेपाशी आले तेव्हा उन्हं कलली होती. संगप्पाने ट्रेलर थांबवायला लावला. दोन्ही बेळक्यांच्या टोकांना गोणपाट गुंडाळला, कुठे काही बोचायला नको म्हणून. तो उजव्या फळीवर चढला, मल्लप्पा डाव्या. दोघांच्या मध्ये पॅनचं अवाढव्य पोट होतं, त्यामुळे एकमेकांना ते दिसत नव्हते. "हॉर्न न्हाई, बोलनं न्हाई," संगप्पाने बजावलं. "चला हरिदासराव."

ट्रेलर मुंगीच्या पावलाने निघाला. संगप्पाने बेळकं वर धरलं होतं. काही लागेना. अजून काही लागेना. आणि मग वजन आलं. पलीकडून मल्लप्पाचा दबलेला हुंकार ऐकू आला, म्हणजे त्यालाही आलं होतं. दोघांनी एकदम उचललं. पॅनचा माथा त्याच्याखाली आला, सरकला, आणि मधे वीतभर जागा राहिली. वीतभर! संगप्पाला ओरडावंसं वाटलं. ट्रेलर पुढे चालला तसे ते दोघे फळीवरून मागे मागे चालू लागले, ते वजन जिथल्या तिथे तोलत.

अर्ध्यावर आल्यावर इंजिनाचा आवाज एकाएकी लांब गेला, गोधडी डोक्यावर घेतल्यावर बाहेरचं जग जातं तसा. त्या शांततेत रिकामा पॅन घुमायला लागला. त्याच्या माथ्यावरून काहीतरी हळूहळू फिरत होतं, म्हशीच्या पाठीवरून मालक हात फिरवतो तसं. पुढून मागे. मग परत पुढून मागे. ते चाचपत होतं. संगप्पाचे पाय चालत होते, हात वर होते, आणि मनात एकच वाक्य फिरत होतं की हे पोलाद आहे, याला काही होत नाही.

मग माथा संपला. इंजिनाचा आवाज परत आला. संगप्पाने बेळकं अलगद खाली घेतलं, वजन उतरलं, त्याचं बेळकं मोकळं झालं. पार झाले होते! आजवर जिथून कुणी गेलं नव्हतं तिथून अठरा फूट उंचीचा पॅन पार झाला होता. "मल्ल्या!" तो आनंदाने ओरडला. "झालं का रं?"

पलीकडून फक्त फळी करकरली.

संगप्पा पॅनच्या मागून वळसा घालून धावला. मल्लप्पा फळीच्या टोकाला चवड्यांवर उभा होता. हात सरळ वर, बेळकं सरळ वर, आणि बेळक्याच्या वर आभाळ. संगप्पा बघत होता तेवढ्यात पोराचे चवडेही फळीवरून सुटले.

"सोड!" संगप्पा किंचाळला, आणि तेच घरच्या कानडीतूनही तोंडी आलं. "मल्ल्या, सोड! बिडो! बिडो म्हणतो न्हवं!"

मल्लप्पाचे डोळे ताणले होते पण चेहऱ्यावर भीती नव्हती, हट्ट होता. "आली म्हणा की अण्णा," तो कण्हत म्हणाला. "कुणी तरी आली म्हणा."

संगप्पाला आपलेच शब्द ओळखू आले. हे त्यानेच शिकवलं होतं. हे हात त्यानेच असे करून ठेवले होते. त्याने उडी मारून मल्लप्पाच्या हातांच्या वर आपले दोन्ही हात घट्ट रोवले आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "आली!"

मल्लप्पाची बोटं तत्क्षणी उघडली. तो फळीवर कोसळला आणि पॅन बांधलेल्या दोराला चिकटून राहिला. आता बेळक्यावर संगप्पा होता. त्याच्या टाचा उचलल्या, मग चवडे. फळी खाली राहिली. सोड, त्याने स्वतःला सांगितलं. हात ऐकेनात, तेही त्याच घरातले हात होते.

त्याने वर पाहिलं. काही नव्हतं. त्याने खाली पाहिलं. कलत्या उन्हात मागच्या रस्त्यावर आणि कडेच्या पांढऱ्या फुफाट्यावर सगळ्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. ट्रेलरची, पॅनची, लोंबकळणाऱ्या त्याची स्वतःची. त्याच्या सावलीच्या हातांवर, बेळक्याच्या दांड्याला धरून, आणखी दोन हात होते. एकावर एक, अंगठे बाहेरच्या बाजूला. बदलीचा गडी धरतो तसे. त्या हातांमागे जे होतं त्याची सावली रस्त्यात मावत नव्हती, ती रान ओलांडून गेली होती. तेवढ्या लांब संगप्पाने पाहिलं नाही. ते हिसकावत नव्हतं. हात ठेवून वाट पाहत होतं.

संगप्पाने बोटं उघडली.

तो मल्लप्पाच्या अंगावर पडला आणि दोघे फळीवर आदळले. बेळकं वर गेलं. दोघेही ते पडायची वाट बघत राहिले, आणि ट्रेलर हळूहळू पुढे जात राहिला.

"झालं का?" पुढून हरिदासने विचारलं.

"झालं!" संगप्पा ओरडला, आणि त्याला रडू फुटलं. "थांबू नका, चला, चला!"

७

टेंभुर्णीला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेचा पूल ओलांडून पॅन अकलूजच्या शिवेत शिरला तेव्हा कारखान्याची माणसं हलग्या घेऊन आडवी आली. गुलाल उधळला, बायांनी चाकांवर पाणी घातलं, कुणीतरी हरिदासला केबिनमधून खांद्यावर उचलून घेतलं आणि तो मिलिटरीतला माणूस लाजून लाल झाला. ओरखडासुद्धा नव्हता पॅनवर. फक्त माथ्यावरची धूळ पुढून मागे स्वच्छ पुसलेली होती, आणि ती वाऱ्याने पुसली असं सगळे धरून चालले.

दोघं भाऊ पॅनवर बसले होते. मल्लप्पाच्या तळहातांना फोड आले होते. काल संध्याकाळपासून तो रुसून बसला होता, भीतीने नव्हे, अपमानाने.

"अण्णा," तो शेवटी म्हणाला. "तुमी काठी सोडली."

"सोडली न्हाई," संगप्पा म्हणाला. छाती भरून आली होती आणि आवाज मोठा निघाला. आयुष्यात इतका हलका तो कधी झाला नव्हता. भाऊ शेजारी बसला होता, जिवंत, रुसलेला, फोड फुंकत. "सोडली न्हाई. दिली."

मल्लप्पाने त्याच्याकडे पाहिलं. हलग्या कडाडत होत्या. "कुणाला?"

संगप्पाने गुलालाने माखलेले दोन्ही हात डोक्याच्या वर उचलून आभाळाकडे जोडले, आणि खालच्या गर्दीला वाटलं तो त्यांनाच नमस्कार करतोय.